न्युरेंबर्गचा व्यापारी, कव्हेंट्रीची मोटारसायकल



या व्यासपीठावर आजवर संत झाले, सुधारक झाले, गडकिल्ले झाले. मोटारसायकल बहुधा पहिल्यांदाच आली असावी. मघाशी दारातच एका ज्येष्ठ श्रोत्यांनी विचारलं, "म्हणजे आज तास-दीड तास इंजिनाबद्दल ऐकायचं का?" थोडंसं ऐकावं लागेल. पण ज्या माणसाबद्दल मी बोलणार आहे त्याला स्वतःला इंजिन करता येत नव्हतं, त्यामुळे काळजी नसावी.

त्याचं नाव सीगफ्रीड बेटमन. ट्रायम्फ मोटारसायकल कंपनीचा संस्थापक.

कारखानदाराची गोष्ट सांगायची आपल्याकडे एक ठरलेली रीत आहे. बेताची परिस्थिती, घरामागची शेड, हातात पाना, कपड्यांना ग्रीस आणि डोक्यात यंत्राचं वेड. मोटारसायकलच्या इतिहासात अशी माणसं भरपूर सापडतात. मिलवॉकीच्या हार्ले आणि डेव्हिडसन मंडळींच्या लाकडी शेडची गोष्ट तर आता दंतकथेसारखी झाली आहे. बर्मिंगहॅमचा जेम्स लॅन्सडाउन नॉर्टन हाही हाडाचा यंत्रज्ञ. बेटमन या रांगेत कुठेच बसत नाहीत. ते व्यापारी होते. दुसऱ्याचा माल विकत घ्यायचा, त्यावर आपलं नाव घालायचं आणि विकायचा, ही त्यांची सुरुवात. आपल्या मराठी मनात व्यापाऱ्याबद्दल एक अढी असते. जो वस्तू घडवतो तो खरा, विकणारा मधला दलाल, असं आपण न बोलता धरून चालतो. मला वाटतं बेटमनचं आयुष्य त्या अढीला चांगलं उत्तर आहे. आणि त्यांचं आयुष्य आणखी एक गोष्ट दाखवतं: त्यांच्या यंत्राला इंग्लंडनं जितक्या सहज आपलं म्हटलं, तितक्या सहज त्या माणसाला म्हटलं नाही.

बेटमनचा जन्म १८६३ चा, बव्हेरियातल्या न्युरेंबर्ग शहरातला, ज्यू कुटुंबातला. १८८३ मध्ये, विशीच्या उंबरठ्यावर, ते लंडनला आले. पहिली नोकरी मिळाली ती 'केली' कंपनीच्या व्यापारी निर्देशिकांसाठी परदेशी पेढ्यांची नावं-पत्ते जमवण्याची. काम कंटाळवाणं, पण कोणत्या देशात कोणता माल कोण घेतं याचा नकाशा अशा कामातूनच डोक्यात तयार होतो. पुढे अमेरिकेतल्या क्लीव्हलंडच्या व्हाइट शिवणयंत्र कंपनीचा माल युरोपात खपवायचं काम त्यांनी केलं. तिथून बाहेर पडून त्यांनी लंडनमध्ये स्वतःच्या नावाची आयात-निर्यात पेढी काढली. जर्मनीहून शिवणयंत्रं आणायची, इंग्लंडमधून सायकली बाहेर पाठवायच्या.

या सायकली बनवत होते बर्मिंगहॅमचे विल्यम अँड्र्यूज. बेटमन त्या घ्यायचे आणि स्वतःच्या पेढीच्या नावानं विकायचे. पण 'बेटमन' हे नाव काही सायकलवर शोभेना. १८८६ मध्ये त्यांनी 'ट्रायम्फ' हे नाव घेतलं. कारण साधं होतं: इंग्रज, जर्मन, फ्रेंच, कोणत्याही गिऱ्हाइकाला ते सांगावं लागत नव्हतं. कारखाना नाही, कामगार नाहीत, स्वतःची एक साधी लेथ नाही, आणि नाव मात्र अख्ख्या युरोपच्या बाजाराचा विचार करून ठेवलेलं. पुढची पासष्ट वर्षं या माणसाच्या वाट्याला जे जे आलं, त्या सगळ्यात टिकून राहिलं ते हे नावच.

कारखाना आला तो मॉरिट्झ शुल्टे यांच्यामुळे. तेही न्युरेंबर्गचेच. १८८७ च्या सुमारास ते बेटमनना येऊन मिळाले. शुल्टे यांना यंत्रांची जाण होती आणि त्यांचा आग्रह असा की दुसऱ्याच्या मालावर किती दिवस काढायचे, आपण बनवू. दोघांच्या घरच्यांकडून उसने पैसे घेऊन १८८८ मध्ये कव्हेंट्रीत जागा घेतली, आणि १८८९ पासून ट्रायम्फच्या स्वतःच्या सायकली तिथे तयार होऊ लागल्या. पुढे डनलप टायर कंपनीचं भांडवलही आलं.

इथे दोन मिनिटं कव्हेंट्रीबद्दल बोललं पाहिजे, कारण हे शहर मुळात लोखंडाचं नव्हतंच. ते रेशमी फितींचं आणि घड्याळांचं शहर. १८६० मध्ये इंग्लंड-फ्रान्स व्यापारी करार झाला, फ्रेंच फितींवरची जकात उठली आणि कव्हेंट्रीच्या विणकरांचे माग बंद पडले. हजारो माणसं शहर सोडून गेली. घड्याळांच्या धंद्यालाही पुढे स्वस्त परदेशी मालानं घेरलं. पण बारीक दातेरी चक्रं कापणारे, तासणारे, जुळवणारे हात शहरात उरले होते. तिथे शिवणयंत्रांचा कारखाना निघाला, आणि १८६९ मध्ये त्याच कारखान्यानं फ्रान्ससाठी सायकली करायला घेतल्या. जेम्स स्टार्ली हा सायकल-धंद्याचा जनक तिथलाच, आणि त्याचा पुतण्या जॉन केम्प स्टार्ली यानं १८८५ मध्ये आणलेली 'रोव्हर' सायकल म्हणजे आपण आजही चालवतो त्या सायकलीची आजी. दोन सारखी चाकं, मागच्या चाकाला साखळी. म्हणजे बेटमन आणि शुल्टे यांनी जे गाव निवडलं तिथे कुशल हात होते, सुटे भाग करणारे छोटे छोटे कारखाने होते, आणि पडून पुन्हा उठायची सवय होती. पिंपरी-चिंचवडमध्ये बसून हे मी तुम्हाला अधिक समजावून सांगायची गरज नाही.

आता मोटारसायकल. १८९४ मध्ये म्युनिकच्या हिल्डेब्रांड आणि वोल्फम्युलर यांनी विक्रीसाठी पद्धतशीरपणे बनवलेली पहिली मोटारसायकल बाजारात आणली. जवळजवळ दीड लिटरचं इंजिन असलेलं ते धूड. शुल्टे यांनी ते यंत्र पाहिलं, चालवून दाखवलं, परवाना घेऊन कव्हेंट्रीत करावं का याचा विचारही झाला. आणि ट्रायम्फनं ते केलं नाही. मला या नकाराचं फार कौतुक वाटतं. त्या गाडीत क्लच नव्हता, पिस्टनचे दांडे थेट मागच्या चाकालाच जोडलेले होते, आणि आगगाडीच्या इंजिनाचं डोकं सायकलवर बसवल्यासारखा तो प्रकार होता. थोड्याच वर्षांत ती कंपनी बुडाली. पहिलं येण्याची घाई ज्यांना होती त्यांपैकी बहुतेकांचं असंच झालं. व्यापाऱ्याला मात्र एक प्रश्न विचारायची सवय असते: रस्त्यात बंद पडली तर दुरुस्त कोण करणार?

१८९७-९८ मध्ये इंग्लंडमधला सायकलींचा फुगा फुटला. दोन वर्षं वाटेल त्यानं सायकल कंपन्या काढल्या होत्या, त्या धडाधड कोसळल्या. उरलेल्यांना नवीन काहीतरी हवं होतं. ट्रायम्फनं १९०२ मध्ये आपली पहिली मोटारसायकल आणली, ती म्हणजे मजबूत केलेली सायकल आणि तिच्या पुढच्या नळीला लटकवलेलं बेल्जियमच्या मिनर्व्हा कंपनीचं लहानसं इंजिन. इंजिनाची ताकद चामड्याच्या पट्ट्यानं मागच्या चाकाला जायची. पेडल मारत सुटायचं, इंजिन पेटलं की पाय थांबवायचे, आणि चढ आला की पुन्हा पेडल मारून इंजिनाला हातभार लावायचा. पावसात पट्टा घसरायचा. पुढची दोन-तीन वर्षं इतरांचीही इंजिनं घेऊन झाली. शेवटी १९०५ मध्ये पूर्णपणे स्वतःच्या इंजिनाची ट्रायम्फ बाहेर पडली. म्हणजे पुन्हा तोच क्रम: आधी दुसऱ्याचं विकून बाजार समजून घ्यायचा, मग स्वतः बनवायचं.

नाव कमवायला रस्ता मिळाला तो आइल ऑफ मॅन बेटावर. इंग्लंडमध्ये तेव्हा ताशी वीस मैलांची मर्यादा होती आणि सार्वजनिक रस्त्यांवर शर्यतींना बंदी. बेटाची स्वतःची संसद आहे, तिनं परवानगी दिली. २८ मे १९०७ ला पहिली टुरिस्ट ट्रॉफी शर्यत झाली. गंमत अशी की ती नुसत्या वेगाची नव्हती. एक सिलिंडरच्या गाड्यांनी गॅलनला नव्वद मैल दिलेच पाहिजेत, अशी पेट्रोलची अट होती. मायलेज विचारणारं गिऱ्हाईक फक्त आपल्याकडेच असतं असं कुणी समजू नये. एक सिलिंडरच्या गटात पहिला आला मॅचलेसवरचा चार्ली कॉलियर, आणि दुसरा-तिसरा ट्रायम्फवरचे जॅक मार्शल आणि फ्रँक हल्बर्ट. पुढच्या वर्षी मार्शलनं ताशी चाळीस मैलांहून थोड्या अधिक सरासरीनं पहिला नंबर काढला. त्याआधीच, १९०७ मध्ये, कारखान्यातून वर्षाला हजार गाड्या बाहेर पडत होत्या. ट्रायम्फ म्हणजे न दगा देणारी गाडी, अशी तिची ख्याती होऊ लागली.

बेटमन आता कव्हेंट्रीचे मोठे गृहस्थ झाले होते. स्थानिक मुलगी ॲनी मेरिक हिच्याशी लग्न झालं होतं, ब्रिटिश नागरिकत्व घेतलं होतं. लिबरल पक्षाकडून ते नगरपालिकेवर निवडून आले. १९१२ मध्ये स्टँडर्ड मोटार कंपनीतही त्यांनी हिस्सा घेतला. आणि नोव्हेंबर १९१३ मध्ये ते कव्हेंट्रीचे महापौर झाले. तीस वर्षांपूर्वी पत्ते गोळा करायला आलेला परका पोरगा, आता गळ्यात शहराची साखळी.

यापुढचा भाग मी मुद्दाम सावकाश सांगणार आहे.

४ ऑगस्ट १९१४ ला ब्रिटननं जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं. त्याच सुमारास युद्ध खात्यातले कॅप्टन क्लॉड होलब्रुक यांनी बेटमनना गाठलं: शंभर मोटारसायकली हव्यात, फ्रान्सला जाणाऱ्या सैन्यासाठी, आणि लगेच हव्यात. बेटमननी त्या दिल्या. तारायंत्रं तुटायची, टेलिफोनच्या तारा तोफांनी उखडायच्या, आणि मग छावणीतून छावणीत हुकूम पोचवायला मोटारसायकलवरचा स्वारच लागायचा. १९१५ मध्ये ट्रायम्फनं 'मॉडेल एच' आणलं. ५५० घनसेंटिमीटरचं एक सिलिंडरचं इंजिन, तीन गिअर, क्लच, आणि मोठा बदल म्हणजे पेडलं गायब. सायकलीशी नातं तुटलं ते इथे. पट्टा मात्र अजून होता. पुढच्या फोर्कची स्प्रिंग खड्ड्यांत तुटायची, म्हणून स्वार तिथे चामड्याचा पट्टा आवळून बांधायचे. युद्ध संपेपर्यंत तीस हजारांहून अधिक ट्रायम्फ मित्रसैन्याला गेल्या. स्वार तिला लाडानं 'ट्रस्टी' म्हणू लागले. भरवशाची.

आणि त्याच वर्षांत, जो माणूस या गाड्या पुरवत होता त्याच्यावर मात्र भरवसा उरला नव्हता. युद्ध सुरू होताच बेटमनच्या जन्मगावाचा विषय निघाला. नागरिकत्वाचे कागद होते, इंग्रज बायको होती, तीस वर्षांचा हिशेब होता. एकाचाही उपयोग झाला नाही. १९१४ संपायच्या आत महापौरपद गेलं. ट्रायम्फच्या जन्मगावाची चौकशी मात्र कुणी केली नाही. वास्तविक ती केली असती तर पंचाईत झाली असती, कारण १८९६ मध्येच ट्रायम्फनं न्युरेंबर्गला आपली शाखा उघडली होती आणि तिथेही याच नावाच्या गाड्या होत होत्या.

या अपमानावर बेटमननी काय केलं? माझ्या मते त्यांच्या स्वभावाची खरी ओळख इथे पटते. ते गाव सोडून गेले नाहीत, कारखाना विकला नाही, सैन्याच्या ऑर्डरी अडवल्या नाहीत. आणि युद्ध संपल्यावर, १९२० मध्ये, पत्नीच्या नावानं एक निधी उभा केला. कव्हेंट्रीतल्या ज्या तरुण माणसांना स्वतःचा धंदा काढायचा आहे त्यांना मदत करण्यासाठी. धर्मशाळा नाही, घाट नाही, पुतळा तर नाहीच. परक्या गावात हात रिकामे असताना आपल्याला काय हवं होतं हे त्यांना आठवत असावं.

व्यवसायाच्या उत्तरार्धाबद्दल मात्र मला त्यांचं इतकं कौतुक करता येत नाही. १९१९ मध्ये शुल्टे बाहेर पडले. सायकली बंद करून मोटारी कराव्यात असं त्यांचं म्हणणं होतं, बेटमनना पटलं नाही. शुल्टे यांच्या जागी कोण आलं? तेच शंभर गाड्या मागणारे होलब्रुक. आणि होलब्रुक यांनाही मोटारीच करायच्या होत्या. म्हणजे बत्तीस वर्षांचा सोबती गमावला, आणि ज्या कारणासाठी गमावला ते टळलंही नाही. १९२१ मध्ये डॉसन मोटार कंपनीची जागा घेतली, १९२३ मध्ये पहिली ट्रायम्फ मोटार आली. सायकली, मोटारसायकली, मोटारी असं सगळंच एका छपराखाली. मोटारसायकलीत तरी दृष्टी शाबूत होती. १९२५ मध्ये 'मॉडेल पी' आणलं, किंमत ४२ पौंड १७ शिलिंग ६ पेन्स, त्या आकाराच्या गाडीला बाजारात कुणी ऐकली नव्हती इतकी कमी. पहिल्या खेपेच्या गाड्या कच्च्या निघाल्या, ब्रेकबद्दल लोकांनी बोटं मोडली. मग त्या सुधारल्या आणि हजारोंनी खपल्या. पण १९२९ ची मंदी आली तेव्हा तीन संसार चालवणारी कंपनी तिन्हीकडे अडखळली. न्युरेंबर्गची शाखा त्याच वर्षी विकली. बेटमनकडून अध्यक्षपद काढून घेतलं गेलं आणि १९३३ मध्ये ते पूर्ण निवृत्त झाले. सत्तर वर्षांचे होते. खरं तर त्याआधीच कधीतरी त्यांनी बाजूला व्हायला हवं होतं, असं मला वाटतं.

१९३६ मध्ये कंपनीचे दोन तुकडे झाले. मोटारसायकलचा भाग घेतला एरियल कंपनीच्या जॅक सँगस्टर यांनी, आणि त्यांनी एक देखणं काम केलं: म्हाताऱ्या बेटमनना बोलावून काही काळ अध्यक्षपदी बसवलं. सँगस्टर यांच्या हाताखालच्या एडवर्ड टर्नरनं १९३७ मध्ये 'स्पीड ट्विन' आणली, शेजारी शेजारी दोन सिलिंडर असलेली. पुढची तीस वर्षं इंग्लंडमधल्या बहुतेक मोठ्या कंपन्या तिचीच नक्कल करत होत्या. मोटारींचा भाग १९३९ मध्ये दिवाळखोरीत गेला.

या काळात न्युरेंबर्ग काय करत होतं हे तुम्हाला माहीत आहे. नाझी पक्षाचे प्रचंड मेळावे तिथेच भरायचे. १९३५ चे ज्यूंचं नागरिकत्व हिरावणारे कायदे त्याच शहराच्या नावानं ओळखले जातात. बेटमन तिथेच राहिले असते तर त्या कायद्यांनी परके ठरले असते. इंग्लंडनं त्यांना जर्मन म्हणून परकं केलं, जर्मनीनं ज्यू म्हणून केलं असतं. आणि न्युरेंबर्गचा तो जुना ट्रायम्फ कारखाना आता जर्मन सैन्यासाठी मोटारसायकली करत होता. दुसऱ्या महायुद्धात दोन्ही बाजूंच्या सैनिकांच्या खाली ट्रायम्फ नावाच्या गाड्या होत्या, आणि दोन्हींचं मूळ एकाच माणसाच्या पेढीत.

१४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी कव्हेंट्री भाजून काढलं. सेंट मायकल कॅथेड्रलचा मनोरा आणि बाहेरच्या भिंती तेवढ्या उरल्या. तिथून जवळच प्रायरी स्ट्रीटवर असलेला ट्रायम्फचा कारखाना जमीनदोस्त झाला. बेटमन तेव्हा सत्त्याहत्तर वर्षांचे होते. कारखाना १९४२ मध्ये मेरिडन गावी पुन्हा उभा राहिला. बेटमन सप्टेंबर १९५१ मध्ये, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी वारले.

पुढचा इतिहास तुमच्यातल्या हौशी मंडळींना पाठ असेल. १९५३ च्या 'द वाइल्ड वन' मध्ये मार्लन ब्रँडो ट्रायम्फवर बसला. १९६३ च्या 'द ग्रेट एस्केप' मध्ये जी जर्मन सैन्याची मोटारसायकल तारेच्या कुंपणावरून उडी मारते, ती प्रत्यक्षात रंग बदललेली ट्रायम्फ आहे. चित्रपटाच्या माणसांना तिच्या वंशावळीची कल्पना नसेल, पण जर्मन म्हणून खपवायला त्यांनी गाडी अगदी अचूक निवडली होती. मग जपानी गाड्या आल्या, मेरिडनचे कामगार १९७३ मध्ये फाटकं अडवून बसले, त्यांनी स्वतःची सहकारी संस्था काढून कारखाना चालवला, आणि १९८३ मध्ये तीही मिटली. नाव विकत घेतलं जॉन ब्लूर या बांधकाम व्यावसायिकानं. नवा कारखाना हिंकलेला उभा राहिला. मोटारींकडून आलेली एक आठवण तर तुमच्या वडिलधाऱ्यांच्या अल्बममध्येच असेल. मद्रासला होणारी 'स्टँडर्ड हेरल्ड' म्हणजे ट्रायम्फ हेरल्डच.

आणि आता इथून जवळची गोष्ट. बजाज आणि ट्रायम्फ यांचा करार २०२० मध्ये पक्का झाला, आणि २०२३ पासून ट्रायम्फच्या चारशे घनसेंटिमीटरच्या गाड्या चाकणला तयार होतात. एक सिलिंडरच्याच. तिथून त्या परदेशातही जातात. करार झाला तेव्हा काही इंग्रज शौकिनांनी नाकं मुरडली, ही खरी ट्रायम्फ नव्हे म्हणून. बेटमनना यात काही वावगं वाटलं असतं असं मला वाटत नाही. बेल्जियमचं इंजिन घेऊन मोटारसायकलीत उतरलेला, बर्मिंगहॅमच्या कारखान्यातून सायकली बनवून घेऊन त्यावर आपलं नाव घालणारा तो माणूस. मला त्यांच्यापेक्षा चाकणच्या बाजूनं एक प्रश्न पडतो, तो तुमच्यापुढे ठेवतो, कारण सभागृहात त्या कारखान्यांत काम करणारी बरीच मंडळी दिसताहेत. बेटमनची पहिली सायकल ज्यांनी खरोखर बनवली त्या विल्यम अँड्र्यूज यांचं नाव आजच्या आधी किती जणांनी ऐकलं होतं?

आता प्रश्नांसाठी वेळ ठेवला आहे. मायक्रोफोन मागे पाठवा.